टेस्ट डोस निगेटिव्ह आला, मग?

आज तोंडावाटे अमॉक्सिसिलिन देऊन करायच्या चाचणीवर लिहायचं ठरलं होतं. ते पुढच्या आठवड्यात. साताऱ्याच्या एका वाचकांचं पत्र आलंय आणि त्याला आधी उत्तर द्यायला हवं. त्यांच्या आईच्या फाइलवर वीस वर्षांपासून 'पेनिसिलिन अ‍ॅलर्जी' असा शेरा आहे. परवा हर्नियाच्या ऑपरेशनआधी सिस्टरनी हातावर सेफ्ट्रायॅक्सोन टोचलं, पेनने गोल केला, अर्ध्या तासाने 'टेस्ट डोस निगेटिव्ह' लिहिलं. मागे मी सांगितलेली पेनिसिलिनची स्किन टेस्ट ती हीच का, आणि आता तो जुना शेरा पुसायचा का, असं ते विचारतात.

नाही. ही ती चाचणी नव्हे.

पेनिसिलिनच्या चाचणीत हिस्टामिन आणि साधं सलाइनही टोचतात. हिस्टामिनवर गांधी उठलीच पाहिजे, सलाइनवर उठता कामा नये. वॉर्डात यांपैकी काहीच नसतं. पेशंटने सर्दीसाठी काल सेटिरिझिन घेतलं असेल, तर खरी अ‍ॅलर्जी असूनही त्वचा गप्प बसू शकते. म्हणून चाचणीआधी आठवडाभर अशा गोळ्या बंद ठेवतात. ऑपरेशनच्या घाईत ते कोण विचारतं?

उलटही घडतं. एक ग्रॅमची व्हायल दहा मिलिलिटर पाण्यात विरघळवली की दर मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम सेफ्ट्रायॅक्सोन होतं. तज्ज्ञ चाचणीला वापरतात ते २ ते २० मिलिग्रॅम. त्याहून तीव्र द्रावण त्वचेत गेलं तर अ‍ॅलर्जी नसतानाही लाली येऊ शकते. व्हँकोमायसिन आणि सिप्रोफ्लॉक्सासिन तर अ‍ॅलर्जीतल्या आयजीई प्रतिपिंडांशिवायच त्वचेतल्या मास्ट पेशींना थेट चेतवतात. त्यांचा ग्राहक रेणू २०१५ मध्ये सापडला, तेव्हा या औषधांच्या चाचण्या इतक्या फसव्या का ठरतात याचा उलगडा झाला.

या विषयातला माझा सर्वांत आवडता अभ्यास कोरियातला, २०१३ चा. ऑपरेशनआधी सेफॅलोस्पोरिन (सेफ्ट्रायॅक्सोन याच गटातलं) लागणाऱ्या १४२१ जणांची त्वचाचाचणी केली आणि निकाल काहीही आला तरी औषध दिलं. चाचणी ७४ जणांत पॉझिटिव्ह होती. प्रत्यक्ष औषधानंतर चौघांच्या अंगभर पित्त उठलं, आणि त्या चौघांचीही चाचणी निगेटिव्ह होती! ७४ पैकी एकालाही काही झालं नाही. अ‍ॅलर्जीचा इतिहास नसलेल्या माणसांना सरसकट टोचण्याविरुद्ध याहून स्पष्ट पुरावा मला माहीत नाही. जपानने तर अँटिबायोटिकआधीची सरसकट चाचणी २००४ मध्येच थांबवली.

ही पद्धत आपल्याकडे टिकून आहे ती भीतीपोटी, आणि ती भीती मी समजू शकतो. इंजेक्शननंतर पेशंट कोसळलेला ज्याने पाहिलाय, त्याला केसपेपरवर काहीतरी नोंद हवी असते. पण त्या नोंदीने पेशंट वाचत नाही. आधी नीट विचारलेला इतिहास, इंजेक्शननंतर अर्धा तास लक्ष, आणि मांडीत द्यायला हाताशी अ‍ॅड्रिनालिन, यांवर माझा भर आहे. तिन्ही गोष्टी तालुक्याच्या दवाखान्यातही जमतात.

आता आईंच्या शेऱ्याबद्दल. सेफ्ट्रायॅक्सोनच्या रेणूची बाजूची साखळी पेनिसिलिनपेक्षा वेगळी आहे. ते सोसलं म्हणून पेनिसिलिनही सोसेल असं म्हणता येत नाही, त्यामुळे या निकालावर शेरा पुसू नका. मात्र पेनिसिलिनची खरी, तत्काळ येणारी अ‍ॅलर्जीही दहा वर्षांत सुमारे ८० टक्के लोकांत मावळते. आईंना तपासणं म्हणूनच नक्की योग्य ठरेल. तोवर त्यांना विचारून लिहून ठेवा: औषध कोणतं होतं, गोळी की इंजेक्शन, किती वेळाने काय झालं, श्वास लागला होता का, कातडी सोलली किंवा तोंड आलं होतं का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असेल, तर पुढच्या आठवड्यातली चाचणी त्यांच्यासाठी नाही.