उमेशची पाठ, पोटरी आणि बाकडं

२८ डिसेंबर २०२०, मेलबर्न. ऑस्ट्रेलियाच्या दुसऱ्या डावात भारताचा वेगवान गोलंदाज उमेश यादवनं जो बर्न्सला यष्टिरक्षकाकरवी झेलबाद केलं आणि आपल्या चौथ्याच षटकात पोटरी धरून तो थांबला. उरलेले चेंडू दुसऱ्यानं टाकले. उमेशचा दौरा तिथंच संपला. त्याच मालिकेतला गाबा मैदानावरचा विजय त्याच्याशिवाय झाला.

त्याच्यासाठी हे नवं नव्हतं. २०१२च्या नोव्हेंबरात इंग्लंडविरुद्धच्या अहमदाबाद कसोटीनंतर पाठीनं दगा दिला आणि कित्येक महिने तो मैदानाबाहेर होता. वेगवान गोलंदाजाची पाठच का जाते, हे बेसबॉलशेजारी ठेवून पाहिलं की पटकन कळतं. पिचरला रन-अप नसतो. तो जागेवरून, कोपर वाकवून आणि झटक्यात सरळ करून फेकतो. मोठा ताण कोपराच्या आतल्या अस्थिबंधावर. तो तुटला की बहुधा हाताचाच एक स्नायुबंध काढून तिथं बसवतात. १९७४मध्ये फ्रँक जोब यांनी ही शस्त्रक्रिया पहिल्यांदा टॉमी जॉनवर केली. नाव मात्र रुग्णाचं पडलं, डॉक्टरांचं नाही!

क्रिकेटमध्ये वाकलेलं कोपर झटक्यात सरळ करून फेकायला नियमानंच मनाई, म्हणून कोपर वाचतं. तिथं वेग धावण्यातून येतो आणि पुढचा पाय आपटताना शरीराच्या वजनाच्या कित्येक पट धक्का वर चढतो. नेमक्या त्याच क्षणी कंबर एका बाजूला वाकलेली आणि पिळलेली असते. उजव्या हातानं टाकणाऱ्याच्या कमरेच्या मणक्यात म्हणूनच बहुधा डावीकडे केसाएवढी चीर पडते. एका चेंडूनं काही होत नाही, हजारो चेंडूंनी होतं. साध्या एक्स-रेत ती चीर अनेकदा दिसतही नाही, आणि मुख्य औषध म्हणजे विश्रांती. पंचविशीच्या आतली हाडं पुरती पक्की झालेली नसतात, त्यामुळे धोका तरुणांना जास्त.

उमेशची गोष्ट इथं जरा वेगळी आहे. वडील नागपूरजवळच्या वलनीच्या कोळसा खाणीत कामाला. पोरगा टेनिस बॉलवर गावोगावच्या स्पर्धा गाजवणारा, पोलीस भरतीत हुकलेला. लेदरचा चेंडू नीट हातात आला तो विशीच्या उंबरठ्यावर. २००८मध्ये प्रीतम गंधेंच्या विदर्भ संघातून रणजी, २०११मध्ये दिल्लीत कसोटी पदार्पण. विदर्भातून कसोटी खेळलेला तो पहिलाच. पुढच्या जानेवारीत पर्थला ९३ धावांत ५ बळी. शाळेपासून अकादमीत घासलेल्या मुलांचं शरीर जो भार दहा वर्षांत सोसतं, तो याच्या पाठीवर चारेक वर्षांत पडला. पाठ बोलली यात नवल नाही, असं माझं मत.

पण मला जास्त सलतं ते राखीव खेळाडूंचं बाकडं. बेसबॉलचा रिलीफ पिचर सुरुवातीचा पिचर थकेपर्यंत वाट बघतो. उमेश इतरांच्या दुखापतींची वाट बघत राहिला. बारा वर्षांत भारत शंभराहून जास्त कसोटी खेळला, उमेश ५७. परदेशात इशांत, शमी, बुमरा. घरी फिरकीची खेळपट्टी, तिथं जुना चेंडू रिव्हर्स करायला चार-पाच षटकांपुरता हा. २०१५च्या विश्वचषकात भारताकडून सर्वाधिक १८ बळी, २०१८ला हैदराबादेत वेस्ट इंडिजचे १० बळी. तरी पुढच्या सामन्यात जागा पक्की नाही. वडील गेले ते फेब्रुवारी २०२३मध्ये. आठवड्याभरातच इंदूरला तो ऑस्ट्रेलियाविरुद्ध उतरला आणि १२ धावांत ३ गडी टिपले, स्टार्कचा स्टंप उखडला. मायदेशात शंभर कसोटी बळी घेणारा तो कपिल, श्रीनाथ, झहीर, इशांतनंतरचा पाचवाच वेगवान भारतीय.

त्या जूनमधली ओव्हलवरची जागतिक कसोटी अजिंक्यपदाची लढत झाली आणि त्यानंतर भारतीय संघाचं दार पुन्हा उघडलं नाही. १७० कसोटी बळींवर गाडी थांबली. मार्च २०२४मध्ये वानखेडेवर रणजीची अंतिम लढत रंगली तेव्हा छत्तीस वर्षांचा उमेश विदर्भासाठी मुंबईविरुद्ध चेंडू टाकतच होता.