गोधडीतले विज्ञान

घरात जुनी गोधडी असेल तर तिचे तुकडे जरा न्याहाळा. आजीच्या नऊवारी लुगड्याचा पदर, आजोबांचे धोतर, कुणाचे तरी परकर-पोलके, असा सारा ऐवज एका धावदोऱ्याने बांधलेला दिसेल. घाटावरून आणि कोकणातून लालबाग-परळच्या चाळींत आलेल्या कुटुंबांनी ही विद्या गावाहूनच आणली. कावसजी दावर यांची ताडदेवची गिरणी १८५६ साली सुरू झाली आणि पुढे गिरणगावचे कापड देशभर जाऊ लागले. ते विणणाऱ्यांच्या घरी मात्र चिंधीही वाया जात नसे. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे एकेक करून थांबले. गोधड्या उरल्या.

आता प्रश्न असा, की विरलेल्या कापडाला ऊब येते कोठून? ऊब कापडाची नसतेच. ती आपल्या शरीराची असते. कापडाच्या थरांत हवा अडकते, आणि स्थिर हवा उष्णतेची मंदवाहक असते. टाक्यांमुळे थर सरकत नाहीत व हवेचे कप्पे टिकतात. दोरा फार ओढला तर मात्र कप्पे चेपतात आणि ऊब कमी होते.

आता थोडे गणित करू. १ किलो कापूस पिकवून त्याचे कापड करायला जागतिक सरासरीने सुमारे १०,००० लिटर पाणी लागते. गोधडीत २ किलो सुती कापड असेल, तर त्यामागे २०,००० लिटर पाणी खर्ची पडलेले आहे. माणशी रोज १३५ लिटर धरले, तर हे एका माणसाचे जवळजवळ पाच महिन्यांचे पाणी झाले! गोधडी शिवल्याने ते परत मिळत नाही. पण तेवढे नवे कापड घेणे टळले, तर पुढचे पाणी वाचते.

एक प्रयोग करून पाहा. तीन सारख्या डब्यांत सारखेच गरम पाणी घ्या. एक डबा उघडा ठेवा, दुसऱ्याला कोरड्या कापडाचे चार सैल थर गुंडाळा, तिसऱ्याला तेवढेच ओले थर. दर पाच मिनिटांनी तापमान नोंदवून आलेख काढा. ओला डबा लवकर का निवला? पाणी हवेच्या वीसपटीहून अधिक उष्णता वाहून नेते, शिवाय बाष्पीभवनातही उष्णता खर्च होते.

मग वर्गातल्या चिंध्यांची एक गोधडी शिवा. प्रत्येक तुकड्यावर तो पूर्वी काय होता ते लिहा आणि विज्ञान प्रदर्शनात आलेखाशेजारी टांगा. पाहणाऱ्याला कचरा कशाला म्हणायचे, याचा विचार पडेल.