अमेरिकेचा इतिहास कोल्हापुरात कोठे सापडतो?

महाविद्यालयात इतिहास विषय घेतलेल्या आपल्या मुलामुलींना अमेरिकेच्या इतिहासावर प्रकल्प लिहायला सांगितला की बहुतेकांची वाट ठरलेली असते. बाजारातून गाईड आणायचे, त्यातली पंधरा-वीस पाने उतरवायची, ‘लिंकनने गुलामांना मुक्त केले’ हे वाक्य टाकायचे, शेवटी न पाहिलेल्या पाच-सहा इंग्रजी पुस्तकांची नावे संदर्भसूची म्हणून जोडायची आणि बाईंडिंग करून द्यायचे. गुण मिळतात, पण हाती काही लागत नाही. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या चौथ्या वर्षी संशोधन प्रकल्पाची सोय झाली आहे. त्यामुळे हा प्रश्न आता चार-दोन हुशार पोरांपुरता राहिलेला नाही. ‘इतक्या लांबच्या देशाची साधने कोल्हापुरात कुठून मिळणार?’ असे आम्हाला अनेक विद्यार्थी विचारतात. आमचे म्हणणे असे की ती मिळतात, आणि इतरांपेक्षा आंबेडकरी विद्यार्थ्याला ती लवकर सापडायला हवीत.

कारण अमेरिका आपल्या चळवळीला परकी नाही. जोतिराव फुल्यांनी तरुणपणी थॉमस पेनचा ‘राइट्स ऑफ मॅन’ वाचला. हा पेन अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाचा लेखक होता. पुढे १८७३ मध्ये जोतिरावांनी ‘गुलामगिरी’ लिहिली आणि ती अमेरिकेतील गुलामगिरी नष्ट करण्यासाठी झटणाऱ्या सत्पुरुषांना अर्पण केली. १९१३ साली बाबासाहेब सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. हार्लेम ही कृष्णवर्णीयांची वस्ती तेथून हाकेच्या अंतरावर. १९७२ मध्ये मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरने नावच अमेरिकेच्या ब्लॅक पँथरवरून घेतले. शंभर वर्षे आपले लोक त्या देशाकडे बघत आले, ते तेथील इमारती बघण्यासाठी नव्हे. गुलाम केलेला माणूस माणूस म्हणून उभा कसा राहतो, हे त्यांना पाहायचे होते.

बाबासाहेबांनी अमेरिका कशी अभ्यासली, हे विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावे. न्यूयॉर्कमध्ये पोटाला चिमटा घेऊन त्यांनी सुमारे २००० जुनी पुस्तके जमवली. ती भारतात पाठवताना त्यातली बरीच वाटेत गहाळ झाली. महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर : रायटिंग्ज अँड स्पीचेस’ या ग्रंथमालेच्या ५व्या खंडात गुलाम आणि अस्पृश्य यांची तुलना करणारे त्यांचे लिखाण आहे. गुलामगिरी उघड असते, अस्पृश्यता छुपी असते. गुलाम ही मालकाची मालमत्ता असल्यामुळे मालक निदान त्याच्या जिवाची काळजी घेतो, अस्पृश्याची काळजी मात्र कोणालाच नसते, असा त्यांचा मुद्दा आहे. हे ते हवेत बोलत नाहीत. रोमन साम्राज्यातील गुलामगिरीवरचा बॅरो यांचा ग्रंथ पुढे ठेवून बोलतात.

१९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना पत्र लिहिले. नॅशनल निग्रो काँग्रेसने संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या निवेदनाच्या दोन-तीन प्रती त्यांनी त्या पत्रात मागितल्या. बाबासाहेबांनी येथे कोणाचे मत मागितले नाही, मूळ कागद मागितला. त्या निवेदनाविषयी कोणी काय लिहिले ते वाचून त्यांचे भागले नसते. संशोधन म्हणजे काय, याचा पहिला धडा आपल्या विद्यार्थ्यांनी या एका पत्रातून घ्यावा.

दुसरा धडा असा की ग्रंथालयातल्या कपाटात आहे म्हणून पुस्तक खरे मानायचे नाही. बाबासाहेब कोलंबियात शिकत होते तेव्हा त्याच विद्यापीठात विल्यम डनिंग हे इतिहासाचे नामवंत प्राध्यापक होते. यादवी युद्धानंतर कृष्णवर्णीयांना मताचा अधिकार मिळाला आणि दक्षिणेचा कारभार बिघडला, असे डनिंग आणि त्यांच्या शिष्यांचे सांगणे. ‘ह्या लोकांना राज्य करता येत नाही’ हे वाक्य आपण कुठे ऐकले आहे का? राखीव जागांच्या प्रत्येक वादात ऐकले आहे! ड्युबॉइस यांनी १९३५ मध्ये ‘ब्लॅक रिकन्स्ट्रक्शन’ लिहून या मांडणीला उत्तर दिले आणि शेवटच्या प्रकरणात शाळेतली इतिहासाची पाठ्यपुस्तके एकेक करून तपासली. विद्यापीठांना हे पचायला पुढे कित्येक वर्षे लागली. १९८८ मध्ये त्याच कोलंबियाच्या एरिक फोनर यांनी त्या कालखंडाचा मोठा ग्रंथ लिहिला, तेव्हा ड्युबॉइस यांचे ऋण त्यांना मान्य करावे लागले. म्हणून आपल्या विद्यार्थ्याने पुस्तक हातात घेतले की आधी लेखक कोण आणि साल कोणते ते बघावे, मग मजकूर.

गाईडमधले लिंकनचे वाक्यही असेच तपासून घ्या. १ जानेवारी १८६३ चा जाहीरनामा बंड केलेल्या प्रदेशांपुरता होता. केंटकी, मेरीलँड, मिसुरी, डेलावेअर ही गुलाम बाळगणारी पण बंडात नसलेली राज्ये त्यातून वगळली होती. देशभर गुलामगिरी बंद झाली ती डिसेंबर १८६५ मध्ये, १३व्या घटनादुरुस्तीने. दरम्यान सुमारे १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय सैनिक संघराज्याच्या फौजेत लढले होते. मुक्ती कोणी उदारपणे दिली, की तिच्यासाठी लढावे लागले? हा प्रश्न प्रकल्पात आला की प्रकल्पात जीव येतो.

तिकडे तरी साधनांपर्यंत पोहोचणे सोपे होते, असे कोणी समजू नये. जॉन होप फ्रँकलिन हे कृष्णवर्णीय इतिहासकार १९३९ मध्ये नॉर्थ कॅरोलिना राज्याच्या अभिलेखागारात गेले. तेथे कृष्णवर्णीय संशोधक येईल अशी कल्पनाच कोणी केली नव्हती. त्यांना काही दिवस थांबवून वेगळी खोली दिली गेली. गोऱ्या नोकरांना त्यांची सेवा करावी लागू नये म्हणून दप्तरखान्याची किल्लीच त्यांच्या हाती दिली. मग गोऱ्या संशोधकांनी तक्रार केली की याला किल्ली आणि आम्हाला नाही, हा अन्याय! तेव्हा किल्ली काढून घेतली गेली. त्याच फ्रँकलिन यांनी १९४७ मध्ये ‘फ्रॉम स्लेव्हरी टू फ्रीडम’ हा कृष्णवर्णीयांचा इतिहास लिहिला. वर्गाबाहेर बसून शिकलेल्या बाबासाहेबांच्या वाचकाला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

आता कोल्हापूरकडे येऊ. १९४५ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा करणारे हे संस्थान, भारतात सर्वांत आधी. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासूनचे. शिवाजी विद्यापीठात बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर यांच्या नावाचे मोठे ग्रंथालय. गडहिंग्लज, चंदगड, राधानगरीहून एस.टी.ने येणाऱ्या मुलामुलींनी आपल्या महाविद्यालयाच्या ग्रंथपालांचे पत्र घेऊन या ठिकाणी जावे, आणि जाताना प्रश्न नेमका करून जावा. ‘अमेरिकेचा इतिहास’ हा प्रकल्पाचा विषय होऊ शकत नाही. ‘१८६५ ते १८७७ या काळात मुक्त गुलामांना जमीन का मिळाली नाही’ हा होऊ शकतो.

ड्युई पद्धतीने लावलेल्या ग्रंथालयात अमेरिकेचा इतिहास ९७३ क्रमांकाखाली असतो. ९७३.७ वर यादवी युद्ध, ९७३.८ वर त्यानंतरचा काळ, आणि गुलामगिरीची बरीच पुस्तके थेट ३२६ वर. केवळ इतिहासाचे कपाट पाहून ‘येथे काही नाही’ म्हणत परत फिरू नये. कॅटलॉगमध्ये जुनी पुस्तके ‘निग्रो’ या शब्दाखाली सापडतात, नवी ‘आफ्रिकन अमेरिकन’ या शब्दाखाली. दोन्ही शब्द टाकावेत. पुस्तक सापडले की त्याच्या तळटिपा वाचाव्यात, कारण पुढच्या दहा पुस्तकांचा पत्ता तेथेच असतो. बाबासाहेबांच्या ५व्या खंडापासून सुरुवात केली तर पहिला पत्ता तेच देतील.

मूळ साधनांसाठी आज अमेरिकेला जावे लागत नाही. ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’ने १९३६ ते १९३८ या काळात नोंदवलेल्या, गुलामगिरीत जन्मलेल्या माणसांच्या २३०० हून अधिक मुलाखती इंटरनेटवर मोफत ठेवल्या आहेत. ड्युबॉइस यांची कागदपत्रे मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट येथील ग्रंथालयाने खुली केली आहेत. बाबासाहेबांचे ते पत्र त्यातच आहे. फ्रेडरिक डग्लस यांचे १८४५ चे आत्मचरित्रही विनामूल्य वाचता येते. मोबाईल प्रत्येकाच्या खिशात आहे, तो या कामी लावावा. मात्र त्या मुलाखती वाचताना एक भान ठेवावे. विचारणारे बहुतेक गोरे होते, सांगणारे म्हातारे, गरीब, त्याच गावात राहणारे. आपल्या गावच्या पाटलाने वही-पेन्सिल घेऊन आपल्या आजीला विचारले असते, ‘काय गं म्हातारे, जुन्या काळी कसं होतं?’ तर आजीने काय सांगितले असते? ‘बरं होतं, मालक.’ हे ज्याला कळते त्याला त्या मुलाखतींतले न बोललेलेही वाचता येते. येथे आपला विद्यार्थी कोणाहून मागे नाही, उलट दोन पावले पुढे आहे.

अमेरिकेचा इतिहास कोल्हापूरच्या मातीतही आहे. रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ मध्ये येथे आले. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये, लिंकनच्या जाहीरनाम्याच्याच वर्षी, कोल्हापुरात जन्मला आणि पुढे अमेरिकेतील विद्यार्थी मिशनरी चळवळीचा पुढारी झाला. यादवी युद्धात अमेरिकन दक्षिणेचा कापूस अडला, लँकेशायरच्या गिरण्या मुंबई इलाख्याकडे वळल्या, कापसाचे भाव गगनाला भिडले आणि १८६५ मध्ये कोसळले. या उलथापालथीत कसणाऱ्याला काय मिळाले आणि सावकाराला काय? १८८६ चे कोल्हापूर गॅझेटियर, कोल्हापूरच्या पुरालेखागारातील संस्थानी दप्तर आणि विद्यापीठाने प्रसिद्ध केलेले राजर्षी शाहू छत्रपतींचे पेपर्स समोर ठेवून एखाद्याने हा प्रश्न घ्यावा. असा प्रकल्प कोणत्याही गाईडात मिळणार नाही.

अडचणी नाहीत असे आम्ही म्हणत नाही. एकेकाळी हैदराबादेत, उस्मानिया विद्यापीठाच्या आवारात, १९६४ पासून अमेरिकन अभ्यासाचे मोठे केंद्र होते आणि देशभरातले प्राध्यापक तेथे जाऊन वाचत असत. अमेरिकेचा पैसा आटला तशी त्याची रया गेली. दुसऱ्याच्या पैशावर उभे राहिलेले ग्रंथालय दुसऱ्याच्या मर्जीने चालते, हे त्यातून शिकावे. जानेवारी २०२५ पासून केंद्र सरकारने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही योजना सुरू केली. तीन वर्षांसाठी ६००० कोटी रुपये आणि सुमारे १३ हजार नियतकालिके. पण ती केंद्र व राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालील संस्थांसाठी. आपली मुले ज्या खेड्यापाड्यांतल्या संस्थांच्या महाविद्यालयांत शिकतात, ती यात बसतात का? हा प्रश्न प्राचार्यांना विचारा, संघटनेच्या निवेदनात लिहा, आमदार-खासदारांच्या कानावर घाला. शिष्यवृत्तीसाठी आपण मोर्चे काढतो ते योग्यच आहे. ग्रंथालयासाठी आपण किती वेळा निवेदन दिले?

इंग्रजीचे भय ही दुसरी अडचण. त्यावर उपाय एकट्याने होत नाही. विहाराच्या सभागृहात आठवड्यातून एक संध्याकाळ चार विद्यार्थी, एक शिक्षक आणि एक शब्दकोश एवढे जमले तरी एका संध्याकाळी पाच पाने होतात. कर्मचारी संघटनांनी जयंतीच्या डॉल्बीवर जाणारा पैसा थोडा इकडे वळवावा आणि प्रत्येक तालुक्याच्या एका विहारात बाबासाहेबांचे सर्व खंड आणि वर सांगितलेली पुस्तके ठेवावीत.

आणखी एक गोष्ट. बाबासाहेबांनी ड्युबॉइस यांना लिहिलेले पत्र आज आपण वाचू शकतो, कारण ड्युबॉइस यांच्याकडच्यांनी ते जपले. पोर्टो रिकोत जन्मलेल्या आर्तुरो शॉमबर्ग यांनी कृष्णवर्णीयांची पुस्तके आणि कागद आयुष्यभर गोळा केले. १९२६ मध्ये न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीसाठी तो संग्रह १० हजार डॉलरला घेतला गेला आणि आज हार्लेममध्ये त्यांच्या नावाचे संशोधन केंद्र उभे आहे. २१-२२ मार्च १९२० ची माणगाव परिषद आपल्याच जिल्ह्यातली. तिच्या आणि त्यानंतरच्या शंभर वर्षांच्या चळवळीतल्या पत्रिका, पावत्या, सभांची बुके, जलशांच्या वह्या कोणाच्या घरात, कोणत्या ट्रंकेत आहेत? दिवाळीच्या झाडलोटीत त्या रद्दीवाल्याकडे जात आहेत. अमेरिकेच्या इतिहासावर प्रकल्प करणाऱ्या विद्यार्थ्याने प्रकल्प दिल्यावर एक काम जरूर करावे. घरातली ट्रंक उघडावी, आत काय आहे त्याची तारीखवार यादी करावी, मोबाईलवर फोटो काढावेत आणि यादीची एक प्रत जवळच्या ग्रंथपालांकडे द्यावी. उद्या हार्लेममधला कोणी विद्यार्थी कोल्हापूरच्या महारवाड्याचा इतिहास शोधू लागला, तर त्याला आपल्याकडे काहीतरी सापडले पाहिजे.