डब्यावरचा १५० पीएसआय विसरा: पिकअप, ट्रॉली आणि ट्रकसाठी हवेचा कंप्रेसर कसा निवडायचा

(या भागाचं लेखी रूप. बोलण्यातले आकडे वाचताना सोपे जावेत म्हणून थोडं आवरून लिहिलंय.)

आजचा प्रश्न महाबळेश्वरहून आलाय. हिवाळ्यात तिथून स्ट्रॉबेरी निघते. २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालेला, पण एका दुपारच्या उन्हातही मऊ पडणारा माल. पिकअप भरली की पसरणी घाटाने वाई आणि पुढे पुणे, नाहीतर आंबेनळी घाटाने पोलादपूर आणि पुढे मुंबई. रात्री घाटात टायर बसला तर पंक्चरवाला कुठून आणणार? म्हणून श्रोत्याने विचारलंय, गाडीत ठेवायला कंप्रेसर कोणता घेऊ?

माझं उत्तर एका वाक्यात सांगतो. तो किती पीएसआयपर्यंत जातो हे नंतर बघा. तुमच्या टायरच्या दाबाला मिनिटाला किती लिटर हवा देतो आणि सलग किती वेळ चालतो, हे आधी विचारा.

आधी गाडी ओळखा

मोठ्या ट्रकला एअर ब्रेक असतात, म्हणजे इंजिनावर स्वतःचा कंप्रेसर आणि हवेची टाकी असतेच. बऱ्याच ट्रकमध्ये त्याच यंत्रणेवर टायर भरायची जोडणी मिळते. अशा गाडीला वेगळं मशीन कशाला? लांब नळी, चांगलं गेज आणि योग्य जोडणी घ्या, काम झालं.

पिकअप आणि छोटा हत्ती यांना हायड्रॉलिक ब्रेक, त्यामुळे हवेची टाकी नाही. सातारा-सांगलीकडच्या उसाच्या ट्रॉलीलाही स्वतःचा कंप्रेसर नसतो. खरी गरज आहे ती इथे.

आणि एक लक्षात ठेवा: मोठ्या ट्रकची वीज २४ व्होल्टची, पिकअप आणि ट्रॅक्टरची साधारणपणे १२ व्होल्टची. १२ चा कंप्रेसर २४ ला लावला की जळालाच म्हणून समजा.

हिशोब सोपा आहे

दर १५ पीएसआय वाढवायला साधारण टायरच्या पोटाएवढी हवा लागते. पिकअपचा टायर ५० लिटरचा धरा. ४० वरून ६० वर न्यायचाय, तर सुमारे ७० लिटर हवा हवी. ट्रकचा टायर १३० लिटरचा धरला आणि तो पूर्ण बसलेला असेल, तर ११० पीएसआयपर्यंत जायला जवळजवळ ९५० लिटर!

आता डब्यावर लिहिलेला '३५ लिटर प्रति मिनिट' हा आकडा बहुतेक वेळा समोर दाब नसतानाचा असतो. दाब वाढला की तो घसरतो. आपण निम्मा धरू. मग ३५ वाला पिकअपचा एक टायर चार मिनिटांत करतो. हातात मावणारा, १० लिटरवाला बॅटरीचा पंप त्याच कामाला चौदा मिनिटं घेतो. चार टायर म्हणजे तासभर, आणि मधे तो तापून बंद पडणार ते वेगळंच.

म्हणून दुकानात विचारा: "सलग किती मिनिटं चालतो आणि मग किती वेळ थंड करायचा?" बरेच छोटे पंप दहा-पंधरा मिनिटांनंतर विश्रांती मागतात.

महाबळेश्वर साधारण १३५० मीटरवर आहे. तिथली हवा समुद्रकाठापेक्षा सुमारे १५ टक्के विरळ, म्हणजे कंप्रेसर दर फेरीला तेवढी कमी हवा ओढतो. घेताना थोडा मोठाच घ्या.

वीज आणि नळी

सिगारेट लायटरच्या सॉकेटचा फ्यूज बऱ्याच गाड्यांत १० ते १५ ॲम्पियरचा असतो. १२ व्होल्टला १५ ॲम्पियर म्हणजे १८० वॅट, त्यापुढे फ्यूज उडतो. पिकअपसाठी थेट बॅटरीला चिमटे लावायचा दोन सिलिंडरचा कंप्रेसर घ्या, आणि भरताना इंजिन चालू ठेवा. नळी मागच्या चाकापर्यंत पोचते का ते घरीच ताणून बघा. ट्रॉलीसाठी आणखी लांब लागते.

पंप चालू असताना गेज नळीतला दाब दाखवतं, तो टायरमधल्यापेक्षा जास्त असतो. बंद करा, मग आकडा वाचा.

घाटात दाब बदलतो का?

बदलतो. पोलादपूरहून वर आलात की बाहेरची हवा हलकी होते, आणि गेज सुमारे २ पीएसआय जास्त दाखवतं. पण वर थंडी असते. ६० पीएसआयच्या टायरमध्ये तापमान १० अंश उतरलं की साधारण अडीच पीएसआय कमी होतो. म्हणजे हिशोब जवळपास फिटतो! तेव्हा उंचीची काळजी नको, वेळेची करा. दाब सकाळी, गाडी निघायच्या आधी, टायर थंड असताना तपासा. घाट उतरून ब्रेक आणि टायर तापल्यावर आकडा वाढलेला दिसेल. तेव्हा हवा सोडायची नाही. किती भरायची ते दारावरच्या स्टिकरवर किंवा गाडीच्या पुस्तकात मालासकट लिहिलेलं असतं.

कंप्रेसर काय करू शकत नाही

ट्यूबलेस टायरमध्ये खिळा गेला तर प्लग मारून हवा भरता येते, म्हणून प्लग किट सोबत हवंच. ट्यूबवाल्या टायरला तो उपाय नाही, तिथे स्टेपनीच. बाजूने फाटलेल्या टायरलाही स्टेपनीच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ट्रकचा टायर ठरलेल्या दाबाच्या ८० टक्क्यांखाली असताना धावला असेल, तर त्यात तशीच हवा भरू नका. आतल्या पोलादी तारा तुटलेल्या असू शकतात, आणि भरताना बाजू फुटून माणूस जागीच जातो. तो उतरवून तपासायचा, भरायचाच तर पिंजऱ्यात. लॉक रिंगवाल्या रिमलाही हाच नियम. आणि कुठलाही मोठा टायर भरताना समोर बसू नका. लांब नळी लावा, बाजूला, टायरच्या रेषेत उभे राहा. लांब नळीचे पैसे खरे वसूल होतात ते इथे.

तर मंडळी, दुकानात जाताना मोबाईलमध्ये चार गोष्टी लिहून न्या: गाडीचे व्होल्ट, टायरचा दाब, त्या दाबाला मिनिटाला किती लिटर, आणि सलग किती मिनिटं. दुकानदार चारही सांगू शकला नाही, तर पुढचं दुकान बघा. घाटात चालवणाऱ्या मित्राला हा भाग पाठवा. भेटू पुढच्या भागात!