'दस्तरखान बढाओ' म्हणजे नेमकं काय करायचं?

मराठी माणूस घरातून निघताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. उर्दूत दस्तरखान उचलायचा असेल तर 'दस्तरखान बढाओ' म्हणतात. मराठीत फुटलेली बांगडी 'वाढते' आणि नारळ 'वाढवतात'. वाईट शब्द तोंडी येऊ नये म्हणून दोन्ही भाषांनी ही सोय करून ठेवली. बाकीच्यांना ती आपोआप उमगते. आम्हा स्वमग्न माणसांना मात्र एकेक शब्द पाठ करावा लागतो, आणि पाठ होईपर्यंत जे घडतं त्याला घरात बेअदबी म्हणतात. आम्ही त्याला गंमत म्हणायला शिकलो आहोत.

आमच्यापैकी एकाला लहानपणी दावत संपल्यावर 'दस्तरखान बढाओ' असं सांगितलं गेलं. त्याने कपाटातून दुसरा दस्तरखान काढला आणि पहिल्याला जोडून नीट अंथरला. हात धुऊन आलेले मेहमान पुन्हा बसायचं की काय, या विचारात उभेच. एका बाईंना फोनवर विचारलं, "अम्मी आहेत का?" त्या "आहेत" म्हणाल्या आणि फोन ठेवला. प्रश्नाचं उत्तर पूर्ण झालं होतं. आणखी एकाला सासरी पहिल्याच दिवशी सांगितलं, "आपलंच घर समजा." त्याने उठून टीव्हीचा आवाज कमी केला, भिंतीवरचं तिरकं घड्याळ सरळ केलं. हुकूम तर पाळला होता!

स्वमग्न हा शब्दच पाहा. ऐकून वाटतं, हा माणूस स्वतःतच रमलेला. प्रत्यक्षात आमचा निम्मा दिवस समोरच्याला काय म्हणायचं होतं, हे शोधण्यात जातो.

अशा मुलांना विनोदाचं अंग नसतं, असं व्हिएन्नाचे डॉक्टर हान्स अ‍ॅस्परगर यांनी १९४४ साली लिहिलं, आणि ते मत बरीच वर्षं टिकलं. २०१२ साली ब्रिटनमधले स्वतः स्वमग्न असलेले अभ्यासक डेमियन मिल्टन यांनी वेगळी बाजू मांडली. गैरसमज दोन्हीकडून होतो, आम्हाला तुमचं कळत नाही तसं तुम्हालाही आमचं कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. पुढे २०२० साली एका ब्रिटिश अभ्यासात कानगोष्टींसारखा प्रयोग झाला. एकाने दुसऱ्याला गोष्ट सांगायची, दुसऱ्याने तिसऱ्याला, अशी आठ जणांची साखळी. सगळेच स्वमग्न असलेल्या साखळीत गोष्ट इतरांच्या साखळीइतकीच शाबूत राहिली. आमचं आपसांत छान जमतं, हे आम्हाला माहीत होतंच.

पण सगळंच हसण्यावारी नेता येत नाही. "तुला किती वेळा सांगायचं?" या प्रश्नाला "तीन वेळा" असं उत्तर देणारा मुलगा आम्ही वर्गात पाहिला आहे, आणि त्यावर पडलेली चापटही. मुलाने खरोखर मोजलं होतं. त्यानंतर कित्येक महिने तो कुठल्याच प्रश्नाला उत्तर देईना. कोणता प्रश्न विचारलेला आणि कोणता रागावलेला, हे ओळखता येत नसेल तर गप्प बसणंच सुरक्षित. घरच्यांना वाटलं, पोर सुधारलं, अदब शिकलं!

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे. पण दावतीत, लग्नघरात, वर्गात कायदा कुठवर पुरणार? तिथे आमचा एकच आग्रह असतो. ज्याच्या बाबतीत घडलं, तो आधी हसला पाहिजे. तो हसत नसेल, तर बाकीच्यांचं हसू ही टवाळी झाली. आणि मुलाला रागावण्याआधी तेच वाक्य एकदा सरळ करून सांगावं. 'दस्तरखान उचल' म्हणायला जास्त वेळ लागत नाही.

त्या मुलाशी आम्ही असंच सरळ बोलत राहिलो. सोबत एक वही केली. डाव्या पानावर लोक म्हणतात ते, उजव्या पानावर त्यांना हवं असतं ते. 'डोकं खाऊ नको', 'जरा हात चालव', 'तोंड सांभाळ' अशी पानं भरत गेली. त्यातली चित्रं त्याचीच, आणि फार मजेदार. मध्यंतरी मैदानावर रांगेत मागे पडला म्हणून कुणीतरी ओरडलं, "अरे, पाय उचल!" त्याने एक पाय उचलला, बगळ्यासारखा उभा राहिला आणि आम्ही बघतोय ना, याची आधी खात्री करून घेतली.