लाल दिवा खरं बोलतोय का?

रस्त्यावरून एखादी चौकोनी अंगाची, गोल डोळ्यांची प्रीमियर पद्मिनी जाताना दिसली, तर जरा थांबून बघा. अशा गाड्या आता फार उरलेल्या नाहीत. मूळची ही इटलीची फियाट ११००. आपल्याकडे ती कुर्ल्याच्या कारखान्यात तयार व्हायची. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीचा हा कारखाना. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हटलं की कितीतरी वर्षं हीच गाडी डोळ्यांपुढे यायची. ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी मुंबईतून बंद झाली. पण हौसेने सांभाळलेल्या पद्मिनी अजून आहेत, आणि त्यांना रोज फडक्याने पुसणारे आजोबाही आहेत!

या गाडीत ड्रायव्हरच्या समोर एक छोटासा लाल दिवा असतो. किल्ली फिरवली की तो लागतो आणि इंजिन सुरू झालं की दोन-तीन सेकंदांत विझतो. विझला म्हणजे इंजिनात तेल दाबाने फिरू लागलं. पण गाडी चालू असताना तो पुन्हा लागला तर? मग मात्र खेळ नाही. गाडी बाजूला घ्यायची आणि इंजिन तिथल्या तिथे बंद करायचं. ‘गॅरेज दोन किलोमीटरवर तर आहे, तेवढं जाऊ’ असं म्हणणाऱ्यांची इंजिनं त्या दोन किलोमीटरमध्ये कायमची बसलेली आहेत.

इतकं काय असतं त्या तेलात?

इंजिनात क्रँक नावाचा एक जाड, वाकडातिकडा लोखंडी दांडा असतो. नुसतं उभ्या गाडीचं इंजिन चालू असलं तरी तो एका मिनिटात सात-आठशे फेरे घेतो. तो ज्या गोल वाट्यांमध्ये फिरतो त्यांना बेअरिंग म्हणतात. दांडा आणि बेअरिंग यांच्यामध्ये जी फट असते ती आपल्या डोक्याच्या केसाएवढी, किंवा त्याहूनही बारीक. त्या फटीत तेल भरलेलं असतं आणि दांडा चक्क तेलावर तरंगत फिरतो. धातूला धातू लागतच नाही!

हे कसं कळलं, त्याची एक मजेदार हकिगत आहे. १८८३ च्या सुमारास इंग्लंडमध्ये बीचम टॉवर नावाचे इंजिनिअर रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करत होते. तेल घालायला सोयीचं म्हणून त्यांनी बेअरिंगला वरून एक भोक पाडलं. आस फिरायला लागल्यावर त्या भोकातून तेल आत जायच्या ऐवजी बाहेर यायला लागलं. टॉवरनी बूच मारलं, ते उडालं. मग लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर आली. शेवटी त्यांनी तिथे दाब मोजायचं गेज लावलं, तर काटा दर चौरस इंचाला २०० पौंडांच्या पुढे गेला. आपल्या मोटारीच्या टायरात हवा असते साधारण तीस पौंड. म्हणजे विचार करा! फिरणारा दांडाच तेलाला आपल्याबरोबर ओढून फटीत कोंबतो आणि स्वतःला उचलून धरतो.

पण त्यासाठी फटीत सतत नवं तेल यायला हवं. ते पोचवायचं काम ऑइल पंपाचं. इंजिनाच्या तळाशी तेलाचा डबा असतो, मिस्त्री लोक त्याला ‘चेंबर’ म्हणतात. त्यातलं तेल जाळीतून ओढून पंप ते बेअरिंगांकडे ढकलतो.

आता एक प्रश्न. दाब कोण तयार करतो? तुम्ही म्हणाल, पंप. अर्धंच बरोबर! बागेत पाणी घालताना नळीच्या तोंडावर अंगठा ठेवून बघा. अंगठा काढला की दाब गेला. नळ तर तेवढाच सुरू आहे. इंजिनातल्या बारीक फटी म्हणजे तो अंगठा. बेअरिंग झिजून फट वाढली, किंवा तेलच पाण्यासारखं पातळ झालं, तर ते भराभर निसटतं आणि पंप चांगला असूनही दाब पडतो. दिवा लागला की बरेचजण आधी पंपाला दोष देतात, ते यामुळेच फसतं.

एक खरी हकिगत सांगते. आमच्या गावात एका निवृत्त पोस्टमास्तरांकडे जुनी पद्मिनी आहे. गेल्या उन्हाळ्यात तिचा लाल दिवा लुकलुकायला लागला. सकाळी नाही, पण गाडी तापली आणि सिग्नलला थांबली की हमखास. एका ठिकाणी दाखवली तर न उघडताच सांगितलं, ‘बेअरिंग गेली, इंजिन उतरवावं लागेल.’ पेन्शनीत तो खर्च कुठून बसणार? गाडी विकायचंच घरात ठरत आलं होतं. तेवढ्यात कुणीतरी बाजारपेठेमागच्या म्हाताऱ्या मिस्त्रींचं नाव सांगितलं.

मिस्त्रींनी पाना हातात घेतलाच नाही. आधी विचारलं, “अण्णा, किल्ली फिरवल्यावर दिवा लागतो ना?” ही दिव्याची हजेरी. बल्बच गेलेला असेल तर तो कधीच लागणार नाही, आणि तो खोटा ‘ठीक आहे’ सगळ्यात घातक. मग त्यांनी इंजिन बंद ठेवून किल्ली चालू केली आणि इंजिनावरच्या ऑइल स्विचची वायर काढली. दिवा विझला, म्हणजे वायर कुठे बॉडीला घासून दिवा पेटवत नाही, हे कळलं. आता चोर दोनच ठिकाणी असू शकत होता. एक तर स्विच खोटं बोलतोय, नाहीतर दाब खरोखरच कमी आहे.

स्विच अगदी साधा असतो. आत एक पडदा. दाब आला की पडदा ढकलला जातो आणि दिव्याची वीज तुटते. दाब साधारण पाच-सात पौंडांच्या खाली गेला की वीज पुन्हा जुळते. तेव्हा दिवा काही सांगतो ते एवढंच, ‘आहे’ किंवा ‘नाही’. किती आहे, ते त्याला ठाऊक नसतं. म्हणून मिस्त्रींनी स्विच खोलला आणि त्याच भोकात काट्याचं गेज बसवलं.

थंड इंजिन सुरू केलं. चाळीस पौंड! पोस्टमास्तर खूश. “बघा, स्विचच खराब!” मिस्त्री म्हणाले, “थांबा. थंड इंजिन सगळ्यांनाच खूश करतं.” आणि ते चक्क चहा प्यायला बसले. तेल गरम झालं की पातळ होतं, म्हणून खरी परीक्षा गरम इंजिनाचीच. वीस मिनिटांनी काटा पाचावर. इंजिनाचा वेग मिनिटाला दोन हजार फेऱ्यांपर्यंत वाढवला, तरी अठराच. मिस्त्री लोकांचा ढोबळ हिशेब असतो, गरम इंजिनाला दर हजार फेऱ्यांमागे दहा पौंड तरी हवेत. म्हणजे दिवा खरं बोलत होता.

मग बेअरिंग गेली म्हणायची का? मिस्त्रींनी एका लाकडी दांडक्याचं टोक इंजिनाला आणि दुसरं कानाला लावलं. खालून खोल ‘ठक ठक’ ऐकू येत नव्हतं. (हा प्रयोग तुम्ही करायचा नाही हं! चालू इंजिनाचा पट्टा आणि पंखा बोटं ओळखत नाही.) पंपाशेजारी एक झडप असते. दाब फार वाढला तर ती उघडते. तिच्यात कचरा अडकून ती उघडी राहिली, तरी दाब जातो. पण मग थंडपणीही चाळीस पौंड दिसले नसते. तेल कमी असेल तर वळणावर ते एका बाजूला जातं, पंप हवा ओढतो आणि दिवा घाटात लुकलुकतो. इथे तर गाडी सिग्नलला उभी असताना लुकलुकत होती.

तेवढ्यात पोस्टमास्तरांची पाचवीतली नात म्हणाली, “मिस्त्रीकाका, आमच्या गाडीचं तेल वाढतंय.”

सगळे हसले. तेल कमी होतं, वाढेल कसं? पण रोज सकाळी डिपस्टिक काढून बघायचं काम तिच्याकडे होतं. ती वहीत लिहून ठेवायची. तेल वरच्या खुणेच्याही वर गेलं होतं आणि घरात कुणीच तेल घातलं नव्हतं.

मिस्त्री मात्र हसले नाहीत. त्यांनी इंजिन बंद केलं, डिपस्टिक काढली आणि वास घेतला. पेट्रोल! या गाड्यांत पेट्रोलचा छोटा पंप (रस्त्यावरचा नव्हे!) इंजिनाच्या कुशीत बसवलेला असतो. त्यातला रबरी पडदा फाटला होता आणि पेट्रोल थेंबथेंब चेंबरमध्ये उतरत होतं. तेल वाढलं ते असं, आणि पातळ झालं तेही असंच.

हे आणखी महिनाभर चाललं असतं, तर बेअरिंगही गेली असती. किंवा कुणीतरी नुसतं जाड तेल ओतून दिवा विझवला असता. मला विचाराल तर ते म्हणजे ताप आलेल्या मुलाचा थर्मामीटर थंड पाण्यात बुडवून ‘उतरला’ म्हणण्यासारखं आहे.

मिस्त्रींनी पंप बदलला, सगळं तेल काढलं, नवं तेल, नवा फिल्टर. लगेच इंजिन मात्र सुरू केलं नाही. चारही प्लग काढून ठेवले आणि स्टार्टरने इंजिन नुसतंच फिरवलं, गेजचा काटा हलेपर्यंत. रिकाम्या फिल्टरमुळे सुरुवातीला बेअरिंगांना तेल उशिरा पोचतं, आणि प्लग काढले की इंजिनावर जोर येत नाही. मग प्लग लावून इंजिन चालू केलं आणि पुन्हा वीस मिनिटं वाट पाहिली. गरम इंजिन, उभी गाडी, काटा वीसवर. वेग दोन हजारांवर नेला तर बेचाळीस. गेज काढून मिस्त्रींनी जुनाच स्विच परत बसवला. त्याची काहीच चूक नव्हती.

जाताना त्यांनी नातीला सांगितलं, शंभर किलोमीटर झाले की डिप बघून वहीत लिही आणि मला दाखव. आठवड्याने ती वही घेऊन आली. तेल होतं तिथेच होतं.