सडपातळ आईलाही साखर होते



शहापूर भागातील पाड्यावरच्या एका गरोदर कातकरी भगिनीसोबत मी कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात गेले होते. तिला सहावा महिना होता. रक्ताच्या अहवालात एसजीपीटी थोडे वाढलेले होते. डॉक्टरांनी साखर तपासायला सांगितली. "हिला कसली साखर? वीटभट्टीवर राबणारी बाई!" मी बोलून गेले. चूक माझी होती. तिची साखर १६२ निघाली.

एसजीपीटी हे यकृताच्या पेशींतील विकर आहे. यकृतात चरबी साठली की पेशींना इजा होते आणि ते रक्तात उतरते. असे यकृत इन्सुलिनला नीट दाद देत नाही आणि रक्तात जास्त साखर सोडत राहते. त्यात गरोदरपणी वारेतील हार्मोन्स इन्सुलिनचा जोर आणखी कमी करतात. मात्र एसजीपीटी वाढले म्हणजे मधुमेह झालाच असे नव्हे. कावीळ किंवा वाढलेला रक्तदाब हेही कारण असू शकते. तळहात-तळपायांना फार खाज सुटली किंवा डोके व पोटाचा वरचा भाग दुखू लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

सडपातळ अंगावर विसंबू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील मातांचा अभ्यास केला. तिथली बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधील बाळांहून बरीच हलकी होती. पण वजनाच्या मानाने त्यांच्या अंगात चरबी अधिक होती.

साखरेची तपासणी सोपी आहे. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायचे आणि दोन तासांनी रक्त द्यायचे. उपाशी असण्याची गरज नाही. साखर १४० किंवा त्याहून जास्त आली, तर गरोदरपणातील मधुमेह समजतात. ही तपासणी पहिल्या भेटीत करतात. तेव्हा साखर ठीक असली, तरी २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा करतात. आधी आहार सुधारतात, तेवढ्याने भागले नाही तर औषध किंवा इन्सुलिन देतात. आमच्या भगिनीने गोड चहा सोडला, भात कमी केला, डाळ-अंडी वाढवली. तेवढ्याने तिची साखर आटोक्यात आली. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी करायची असते.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर मातांची मोफत तपासणी होते. तरीही त्या दोन तासांपायी भट्टीवरची रोजी बुडते, म्हणून बाया उठून जातात. आपल्या मदतीतून आम्ही गाडीभाडे आणि त्या दिवसाची रोजी देतो. पण सोबत बसणारे माणूसही लागते. आपल्यापैकी कोणी महिन्यातून एक सकाळ देऊ शकेल का?